दोन बिनधोक नियम आणि एक अनुत्तरित प्रश्न

श्रावणात आमच्या बारामती-इंदापूर भागातल्या खेड्यांत गेलात, तर नागपंचमीच्या दिवशी वडाच्या नाहीतर लिंबाच्या फांदीला जाड दोर बांधलेले दिसतील. फळीवर उभी राहून एखादी मुलगी झोका असा चढवते की, खाली उभ्या असलेल्या आजीचा जीव वर-खाली होतो. तिला मागून कोणी ढकलत नाही आणि तिचे पायही जमिनीला टेकत नाहीत. मग झोका वाढतो कसा?

नीट पाहा. ती फक्त दोनच गोष्टी करते. झोका टोकाला गेला की गुडघे मोडून खाली बसते आणि झोका मधोमध, सर्वांत खाली आला की उभी राहते. ती सबंध वेळ बसून राहिली असती तर झोका वाढला नसता. सबंध वेळ उभी राहिली असती तरीही वाढला नसता. उलट हवेच्या विरोधामुळे तो हळूहळू थांबलाच असता. म्हणजे 'बसणे' आणि 'उभे राहणे' हे दोन्ही नियम एकेकटे बिनधोक आहेत, पण त्यांची ठरावीक क्रमाने आलटापालट केली की झोका फांदीला भिडू पाहतो!

आता थोडे गणित करू. दोराच्या गाठीपासून त्या मुलीच्या गुरुत्वमध्यापर्यंतचे अंतर ती बसलेली असताना ४ मीटर आणि उभी असताना ३.८ मीटर आहे असे धरा. मधोमध असताना उभे राहण्यासाठी ती जो जोर लावते तो दोराच्या दिशेने असतो. त्यामुळे तिचा कोनीय संवेग बदलत नाही, मात्र गतिज ऊर्जा वाढते. हिशेब केला (झोका फार मोठा नाही आणि हवेचा विरोध नाही असे धरून), तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या प्रत्येक खेपेला झोक्याचा आयाम (४ ÷ ३.८) या संख्येच्या दीड घाताने, म्हणजे सुमारे १.०८ पट होतो. अशा नऊ खेपांत तो दुप्पट होतो. आणि तिने क्रम उलटा केला, म्हणजे टोकाला उभी राहिली व मधोमध बसली, तर दर खेपेला आयाम सुमारे ०.९३ पट होऊन झोका मंदावतो. नियम तेच, माणूस तेच. बदलला तो केवळ क्रम.

यावरून एक प्रश्न सुचतो आणि आजचा सारा लेख त्याच प्रश्नाचा आहे. दोन नियम दिलेले आहेत. ते कोणत्याही क्रमाने, कितीही वेळा वापरता येतात. तर परिस्थिती कधी हाताबाहेर जाईल का, हे आधी सांगता येईल का?

चिंचोक्यांचा खेळ

दोन वाट्या घ्या, एक डावी आणि एक उजवी. प्रत्येकीत एक-एक चिंचोका टाका. खेळाचे नियम दोनच :

नियम 'ड' : उजव्या वाटीत जितके चिंचोके असतील तितके नवे चिंचोके डाव्या वाटीत घाला. उजवी तशीच राहू द्या.

नियम 'उ' : डाव्या वाटीत जितके असतील तितके नवे उजव्या वाटीत घाला. डावी तशीच राहू द्या.

आता फक्त 'ड' हा नियम दहा वेळा वापरा. डावीकडे ११ आणि उजवीकडे १, असे एकूण १२ चिंचोके होतील. दर डावाला एकाचीच भर. फक्त 'उ' वापरलात तरी तेच. हे दोन्ही नियम गोगलगायीच्या चालीने जाणारे आहेत.

पण एकदा 'ड', एकदा 'उ' असे करून पाहा. वाट्यांतील चिंचोके असे होत जातील : २ व १, २ व ३, ५ व ३, ५ व ८, १३ व ८, १३ व २१... दहाव्या डावाला ८९ आणि १४४, म्हणजे एकूण २३३! वीस डावांनंतर नुसत्या 'ड' ने २२ चिंचोके होतात, तर आलटून-पालटून खेळल्यास २८,६५७. गावातल्या साऱ्या चिंचा झोडपल्या तरी पुरायच्या नाहीत.

१, २, ३, ५, ८, १३... ही संख्यामाला तुमच्या ओळखीची असेल. युरोपात ती फिबोनाचीच्या नावाने ओळखली जाते. पण छंदांतील लघु-गुरूंची मांडणी मोजताना आपल्याकडे विरहांक आणि हेमचंद्र यांनी ती त्याच्याही आधी दिलेली होती. या मालेतील लागोपाठच्या संख्यांचे गुणोत्तर १.६१८ च्या जवळ जात राहते. म्हणून आलटून-पालटून खेळल्यास आपले चिंचोके दर डावाला सुमारे १.६१८ पट होतात.

नियमांचा वर्णपट

आपला 'ड' हा नियम दोन संख्या घेतो आणि दोन नव्या संख्या देतो. तो चार अंकांच्या चौकटीत मांडता येतो : पहिल्या ओळीत १, १ आणि दुसऱ्या ओळीत ०, १. 'उ' साठी पहिल्या ओळीत १, ० आणि दुसऱ्या ओळीत १, १. अशा चौकटीला मॅट्रिक्स किंवा सारणी म्हणतात. एकापाठोपाठ नियम वापरणे म्हणजे सारण्यांचा गुणाकार करणे. 'ड' करून मग 'उ' केले तर दोन्ही मिळून एक सारणी होते : पहिल्या ओळीत १, १ आणि दुसऱ्या ओळीत १, २.

प्रत्येक सारणीला काही खास संख्या चिकटलेल्या असतात. त्यांना आयगेन मूल्ये म्हणतात. सारणी पुन्हा पुन्हा वापरली तर वाढ दर वेळी किती पटीने होईल हे या मूल्यांवरून कळते. त्यांच्या समूहाला सारणीचा 'वर्णपट' म्हणतात. हा शब्द पदार्थविज्ञानातला वाटतो, नाही का? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डेव्हिड हिल्बर्ट या जर्मन गणितज्ञाने आपल्या शुद्ध गणिती अभ्यासात तो वापरला. पुढे १९२५ मध्ये हायझेनबर्ग, बॉर्न आणि योर्डान यांनी अणूसाठी सारण्यांचे यामिकी रचले, तेव्हा अणूच्या वर्णपटातील रेषा खरोखरच अशा मूल्यांवरून मिळतात असे दिसून आले. नाव असे अचूक लागू पडण्याचे प्रसंग विज्ञानात थोडेच.

वर्णपटातील सर्वांत मोठ्या मूल्याचा आकार म्हणजे 'वर्णपट त्रिज्या'. 'ड' ची त्रिज्या १ आणि 'उ' चीही १. मात्र 'ड' आणि 'उ' यांच्या जोड-सारणीची त्रिज्या २.६१८, म्हणजे एका डावामागे तिचे वर्गमूळ १.६१८. तेव्हा दोन सारण्यांचे वर्णपट वेगवेगळे माहीत असले तरी त्यांच्या संघाचे वागणे त्यावरून कळत नाही. संघासाठी वेगळेच माप हवे.

ते माप १९६० साली जियान-कार्लो रोटा आणि गिल्बर्ट स्ट्रँग या दोन गणितज्ञांनी एका लहानशा लेखात मांडले. सर्व संभाव्य क्रमांपैकी ज्या क्रमाने वाढ सर्वांत जास्त होते, त्या क्रमातील दर डावाची सरासरी वाढ किती, ही ती संख्या. तिला आपण 'संयुक्त वर्णपट त्रिज्या' म्हणू. ती १ पेक्षा लहान असेल तर कोणताही क्रम वापरा, सारे शेवटी शून्याकडेच जाणार. १ पेक्षा मोठी असेल तर एखादा तरी क्रम असा सापडेल की ज्याने सारे हाताबाहेर जाईल. तीसेक वर्षे या लेखाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. नंतर तरंगिकांच्या, म्हणजे चित्रे व ध्वनी साठवण्याच्या गणितात हीच संख्या पुन्हा भेटली आणि तिचा अभ्यास जोरात सुरू झाला.

चिंचोक्यांपुरते उत्तर

आपल्या खेळात आलटापालट हाच सर्वांत वेगाने वाढणारा क्रम आहे कशावरून? 'ड, ड, उ' किंवा आणखी एखादा विचित्र क्रम त्याहून वरचढ नसेल कशावरून? हे दहावीच्या बीजगणिताने सिद्ध करता येते.

डाव्या वाटीत क आणि उजवीत ख चिंचोके आहेत असे माना. आलेखाच्या कागदावर आरंभबिंदूपासून (क, ख) या बिंदूपर्यंत बाण काढा. त्याच्या लांबीचा वर्ग क² + ख². 'ड' नंतर नव्या बाणाच्या लांबीचा वर्ग (क + ख)² + ख², म्हणजे क² + २कख + २ख² होतो. आता जुन्या वर्गाच्या २.६१८ पटीतून हा नवा वर्ग वजा करा. बाकी उरते १.६१८क² − २कख + ०.६१८ख². येथे गंमत अशी की १.६१८ × ०.६१८ = १ (अपूर्णांक पूर्ण लिहिले तर तंतोतंत १). म्हणून ही बाकी एक पूर्ण वर्ग आहे आणि पूर्ण वर्ग कधी ऋण नसतो. अर्थात, एका डावात बाणाची लांबी १.६१८ पटीहून अधिक वाढूच शकत नाही. 'उ' साठीही तेच. मग क्रम कोणताही असो, दर डावाची सरासरी वाढ १.६१८ च्या पुढे जाणार नाही, आणि आलटापालट करून ती मिळतेच. वरची मर्यादा आणि खालची मर्यादा जुळल्या. या जोडीची संयुक्त वर्णपट त्रिज्या १.६१८.

हे कशासाठी?

कोणी म्हणेल, चिंचोक्यांवर एवढी डोकेफोड कशासाठी? वीरपासून निघून बारामती आणि इंदापूर तालुक्यांना पाणी देणारा नीरा डावा कालवा घ्या. समजा, अशा कालव्याची दारे यंत्राने हलवायची आहेत आणि यंत्राच्या दोन पद्धती आहेत. पाण्याच्या पातळीत हेलकावा आला तर प्रत्येक पद्धत एकटी वापरल्यास तो शमवते. दोन्ही पद्धती तपासल्या, दोन्ही चांगल्या निघाल्या. आता गरजेप्रमाणे यंत्र एकीवरून दुसरीवर जाईल. शेवटी टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी नीट पोचेल की हेलकावे वाढत जाऊन काठ फुटेल?

चिंचोक्यांच्या खेळात थोडा बदल करून पाहा. दर डावानंतर दोन्ही संख्यांना ०.६५ ने गुणा. (आता कागदावरच खेळा; चिंचोक्याचे तुकडे कोण करणार?) फक्त 'ड' वापरल्यास वीस डावांनंतर एकूण बेरीज ०.००४ च्या आसपास उरते. सारे विझून गेले. फक्त 'उ' वापरल्यासही तसेच. पण आलटून-पालटून खेळल्यास सुरुवातीच्या २ ची बेरीज ५.२ च्या जवळ जाते आणि पुढे वाढतच राहते. कारण १.६१८ × ०.६५ = १.०५, आणि ही संख्या १ पेक्षा मोठी आहे. ०.६५ ऐवजी ०.६ घेतले तर गुणाकार ०.९७ येतो आणि मग कोणत्याही क्रमाला भिण्याचे कारण नाही. धोका आणि निर्धास्तपणा यांच्यात एवढेसे अंतर! विमानाचे, कारखान्यातील यंत्राचे किंवा वीजजाळ्याचे नियंत्रण जेथे जेथे एका पद्धतीवरून दुसरीवर जाते, तेथे हाच प्रश्न उभा राहतो.

संगणक सांगेल का?

माझ्या एका विद्यार्थ्याने हाच विषय प्रकल्पासाठी घेतला होता. इंदापूर तालुक्यातल्या खेड्यातून तो रोज एस.टी.ने कॉलेजला यायचा. कोणत्याही दोन सारण्या दिल्या की 'निर्धास्त' किंवा 'धोका' असे उत्तर देणारा प्रोग्रॅम त्याला लिहायचा होता. त्याची रीत सरळ होती. एका डावाचे क्रम २, दोन डावांचे ४, वीस डावांचे १०,४८,५७६. प्रत्येक लांबीचे सगळे क्रम तपासायचे. एखादा क्रम पुन्हा पुन्हा वापरून वाढ होत असेल तर 'धोका' सिद्ध झाला. एखाद्या लांबीच्या सगळ्याच क्रमांनी बाण आखूड होत असेल तर 'निर्धास्त' सिद्ध झाले.

पुष्कळ जोड्यांना उत्तरे मिळाली. मग एक जोडी अशी आली की यंत्र रात्रभर चालूनही थांबेना. खालची मर्यादा वर सरकत होती, वरची खाली सरकत होती, पण १ हा आकडा दर वेळी दोहोंच्या मधेच. चाळीस डावांचे क्रम एक लाख कोटींहून अधिक होतात. तेथवर जाण्याची तर सोयच नव्हती. चार महिने खपलेला तो मुलगा पडेल चेहऱ्याने म्हणाला, "सर, माझं कुठं चुकतंय?"

चूक त्याची नव्हती. २००० साली व्हिन्सेंट ब्लोंडेल आणि जॉन त्सित्सिक्लिस यांनी सिद्ध केले की, दोन सारण्यांची संयुक्त वर्णपट त्रिज्या १ किंवा त्याहून कमी आहे की नाही, हे प्रत्येक जोडीसाठी सांगणारा प्रोग्रॅम असूच शकत नाही. यंत्र हळू आहे किंवा स्मृती अपुरी आहे असे हे नाही. कितीही वेगवान यंत्र आणा, हजार वर्षे चालवा, असा सर्वगामी प्रोग्रॅम कोणालाच लिहिता येणार नाही. अशा प्रश्नाला 'अनिर्णेय' म्हणतात.

'असूच शकत नाही' हे कसे सिद्ध होते? त्याची किल्ली साध्या गोष्टीत आहे. २३ या संख्येपुढे ७ लिहायचे तर काय करता? २३ ला १० ने गुणून ७ मिळवता : २३७. ही कृती सारणीने करता येते. म्हणजे सारण्यांचे गुणाकार करणे हे एक प्रकारे अक्षरामागून अक्षर लिहीत जाणेच आहे! आता १९४६ मध्ये एमिल पोस्ट यांनी मांडलेले कोडे पाहा. काही पत्ते आहेत. प्रत्येक पत्त्यावर वर एक आणि खाली एक अशा दोन अंकमाला लिहिल्या आहेत. एकेक पत्ता हवा तितक्या वेळा वापरून ते ओळीने असे मांडायचे की वरची ओळ आणि खालची ओळ सारखीच वाचली जावी. पहिल्या पत्त्यावर वर १ व खाली १२, दुसऱ्यावर वर २३ व खाली ३ असेल तर काम सोपे : दोन्ही ओळी १२३. पण कोणताही पत्त्यांचा संच दिला तरी उत्तर आहे की नाही हे सांगणारी सर्वसाधारण रीत नाही. कारण अॅलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये दाखवले होते की, एखादा प्रोग्रॅम थांबेल की कायम चालत राहील हे सांगणारा सर्वगामी प्रोग्रॅम नसतो, आणि यंत्राची प्रत्येक हालचाल अशा पत्त्यांत उतरवता येते. पत्ते सारण्यांत उतरतात. १९७० मध्ये मायकेल पॅटरसन यांनी याच वाटेने दाखवले की, तीन ओळींच्या पूर्णांकी सारण्यांचा संच दिला असता त्यांच्या एखाद्या गुणाकाराने सारे शून्य होईल का, हेही अनिर्णेय आहे. आपला प्रश्न याच घराण्यातला.

एक फसलेला अंदाज

यात आणखी एक नवल आहे. १९९५ मध्ये लागारियस आणि वँग यांनी एक अंदाज मांडला. सर्वांत जोराची वाढ नेहमी एखाद्या ठरावीक, पुन्हा पुन्हा येणाऱ्या क्रमाने मिळत असावी, जशी आपल्याला 'ड, उ, ड, उ' ने मिळाली. हे खरे असते तर काम पुष्कळ सोपे झाले असते. पण २००२ मध्ये बूश आणि मेरेस यांनी हा अंदाज चुकीचा ठरवला. पुढे २०११ मध्ये हेअर, मॉरिस, सिदोरोव्ह आणि थेस यांनी एक प्रत्यक्ष उदाहरणच काढून दाखवले. कोणते उदाहरण? आपलीच चिंचोक्यांची जोडी! 'ड' तसाच ठेवायचा आणि 'उ' नंतर दर वेळी दोन्ही संख्यांना ०.७४९३२६५४६... या एका विशिष्ट संख्येने गुणायचे. मग सर्वांत जोराचा क्रम असा येतो की तो कधीच पुनरावृत्त होत नाही : ड, उ, ड, ड, उ, ड, उ, ड, ड, उ... यातही फिबोनाची दडलेला आहे. 'ड' पासून सुरुवात करा, मग 'डउ', आणि त्यापुढे दर वेळी शेवटच्या मालेला तिच्या आधीची माला जोडा : डउड, डउडडउ... दोन वाट्या आणि दोन नियम, एवढ्याशा खेळात ही अनंत गुंतागुंत!

मग हात टेकायचे का?

मुळीच नाही. अनिर्णेय आहे तो 'प्रत्येक' जोडीचा, अगदी १ च्या उंबरठ्यावरचा निकाल. हव्या तितक्या दशांश स्थळांपर्यंत ही संख्या काढता येते. वरची आणि खालची मर्यादा जवळ येतच राहतात. फक्त त्यासाठी लागणारे श्रम फार वेगाने वाढतात. हे श्रम कमी करण्याच्या आधुनिक रीतींमागे 'अंतर्बिंदू' पद्धती आहेत. या पद्धतींना मोठी चालना १९८४ मध्ये मिळाली ती नरेंद्र करमरकर यांच्या शोधाने. मुंबईच्या आयआयटीत शिकलेले करमरकर तेव्हा अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करीत होते.

माझ्या विद्यार्थ्याला मी म्हटले, "तुझा प्रोग्रॅम खरं तेच सांगतोय. त्याला तिसरं उत्तर द्यायला शिकव : 'उंबरठ्यावर, भरवसा धरू नका'." त्याने तसे केले. प्रकल्पाच्या शेवटी त्याने लिहिलेले वाक्य मला आवडले. ते असे की, ज्या यंत्राची त्रिज्या १ च्या इतकी जवळ येते, त्याचा निकाल लावत बसण्यापेक्षा यंत्राची रचनाच बदलावी. कसलेला अभियंता हेच करतो. त्रिज्या ०.९९९ की १.००१ यावर तो लोकांचा जीव टांगत नाही, ती ०.९ च्या खाली राहील अशी तजवीज करतो.

आपल्याला काय कळू शकत नाही, हे पक्के कळणे हेही ज्ञानच आहे. झोक्यावरच्या मुलीला सारण्या ठाऊक नसतात, पण फांदी किती ओझे पेलेल हे ती चढण्याआधीच पाहून घेते.

करून पाहा

(१) 'ड, ड, उ' हा क्रम पुन्हा पुन्हा वापरा आणि पंधरा डावांनंतरची बेरीज आलटापालटीच्या बेरजेशी ताडून पाहा. (२) 'उ' साठीही बाणाच्या लांबीचे गणित करा आणि बाकी पूर्ण वर्गच येते याची खात्री करून घ्या. (३) तीन पत्ते असे तयार करा की पोस्टच्या कोड्याचे उत्तर मिळेल, पण तुमच्या मित्राला ते चटकन सापडणार नाही. (४) शिक्षकांनी वर्गात दोऱ्याला वजन बांधून लंबक करावा. दोरा एका खिळ्यावरून घेऊन वजन मधोमध आले की किंचित ओढावा आणि टोकाला सोडावा. मग क्रम उलटा करावा. काय होते ते विद्यार्थ्यांनी आधी सांगावे आणि मगच पाहावे.